तीन पायांचा व्यवहार

२०२४ च्या श्रावणांत एके दिवशीं दुपारीं आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. वर्गांत असतांना तो विशेष हुशार म्हणून नांवाजलेला नव्हता. परंतु त्याच्या वहींत कधीं खाडाखोड आढळली नाहीं, आणि शाळेच्या भांडाराचा हिशेब आम्हीं एक वर्ष त्याच्याकडे सोंपविला तेव्हां वर्षअखेरीस एका पैशाचीहि तूट निघाली नाहीं. आज तो वह्या, कागद व लेखनसाहित्य यांचें लहानसें दुकान चालवितो. त्याच्या हातांत तीन छापील पानें होतीं. बँकेनें त्याचें खातें गोठविलें होतें. कारण वस्तु व सेवा कराच्या खात्याकडून तसें पत्र आलें होतें. आणि तें पत्र येण्याचें कारण असें कीं, २०१७-१८ सालच्या हिशेबाबद्दल डिसेंबर २०२३ मध्यें त्याच्यावर एकतर्फी आदेश झाला होता. मूळ कर ६१ हजार. व्याज व दंड धरून रक्कम सव्वा लाखाच्या वर.

"सर, मला नोटीसच आली नाहीं हो," तो म्हणाला, आणि पाण्याचा पेला तसाच खालीं ठेवला.

नोटीस आली होती. पण ती टपालानें आली नाहीं, शिपाई घेऊन आला नाहीं, दारावर चिकटवली गेली नाहीं. ती सरकारी पोर्टलवर ठेवली होती. पोर्टलवर नोटिसा पाहावयाच्या जागा त्या वेळीं दोन होत्या: एक नुसत्या नोटिसा व आदेश यांची, आणि दुसरी, निराळ्या कोपऱ्यांत, जादा नोटिसा व आदेश यांची. हा बिचारा पहिल्या जागीं पाहत होता; नोटीस दुसऱ्या जागीं पडली होती. नोंदणीच्या वेळीं ई-मेलचा पत्ता कर-सल्लागाराचा दिला होता, आणि ते सल्लागार मध्यंतरीं वारले. कायद्याचें १६९ वें कलम सांगतें कीं, पोर्टलवर नोटीस ठेवली म्हणजे ती पोंचली. तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें ती पोंचलीच होती. अशींच प्रकरणें दिल्ली व मद्रास येथील उच्च न्यायालयांपुढें इतकीं गेलीं कीं, कित्येक एकतर्फी आदेश तेथें रद्द झाले, आणि जानेवारी २०२४ मध्यें पोर्टलची रचना बदलून ती दुसरी जागा सहज दिसेल अशी करण्यांत आली. आमच्या विद्यार्थ्यावरील आदेश त्याच्या अवघा महिनाभर आधींचा.

आतां मूळ चूक काय होती तें पाहूं. या करपद्धतींत दुकानदार माल घेतांना जो कर भरतो तो त्याला माल विकतांना द्यावयाच्या करांतून वळता करून मिळतो. मात्र हा वळता कर यंत्र तेव्हांच मान्य करतें, जेव्हां पुरवठादारानें आपल्या विवरणपत्रांत त्याच खरेदीदाराचा क्रमांक घालून तें बिल दाखविलेलें असतें. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा. मुंबईच्या घाऊक कागदवाल्याच्या कारकुनानें कांहीं बिलांवर त्यांतला एक अंक चुकविला, आणि आमच्या विद्यार्थ्यानें भरलेला कर भलत्याच कोणाच्या खात्यांत दिसूं लागला. पैसे सरकारजमा झाले होते. माल दुकानांत आला होता. बिलें होतीं, बँकेच्या नोंदी होत्या. जुळत नव्हता फक्त एक अंक.

याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. असल्या चुका पहिल्या वर्षांत देशभर झाल्या होत्या, हें सरकारास ठाऊक होतें; म्हणून २७ डिसेंबर २०२२ रोजीं केंद्रीय मंडळानें १८३ क्रमांकाचें परिपत्रक काढलें. २०१७-१८ व २०१८-१९ या दोन वर्षांपुरतें त्यांत म्हटलें आहे कीं, पुरवठादारानें चुकीचा क्रमांक घातल्यामुळें मेळ बसत नसेल आणि फरक पांच लाखांपर्यंत असेल, तर पुरवठादाराचें एक प्रमाणपत्र घेऊन वळता कर मान्य करावा. म्हणजे औषध कपाटांत होतें. नोटिशीस उत्तर म्हणून एक कागद जोडला असता तर मागणी तेथेंच संपली असती. पण उत्तरच दिलें गेलें नाहीं, आणि उत्तर कां आलें नाहीं हें विचारण्याचें काम त्या सर्व व्यवस्थेंत कोणाकडेच नव्हतें.

विद्यार्थी गेल्यावर आम्हीं कपाटांतून याज्ञवल्क्यस्मृति काढली. आमच्या सूनबाईंस त्याचें हसूं आलें, आणि तें साहजिकच आहे. जीएसटीवर उतारा स्मृतींत शोधणारा मनुष्य हास्यास्पदच दिसावयाचा. पण आम्ही उतारा शोधीत नव्हतों. व्यवहाराध्यायांत वादाचे चार पाद सांगितले आहेत: भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धि. पहिला वादीची तक्रार, दुसरा प्रतिवादीचें म्हणणें, तिसरा पुरावा आणि चौथा निर्णय. त्यावर आपल्याच कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास राहून विज्ञानेश्वरानें जी मिताक्षरा लिहिली, तींत उत्तराचे चार प्रकार विस्तारानें दिले आहेत. शंभर रुपये देणें आहे असा दावा झाला, तर प्रतिवादी म्हणेल, "होय, देणें आहे", हें सत्योत्तर. किंवा म्हणेल, "घेतलेच नाहींत", हें मिथ्योत्तर. किंवा म्हणेल, "याच दाव्यांत तूं पूर्वीं हरला आहेस", हें प्राङ्न्यायोत्तर. आणि चौथें उत्तर तें प्रत्यवस्कंदन, ज्यास कारणोत्तर असेंहि म्हणतात: "होय, घेतले, पण परत केले," किंवा "घेतले, पण ती देणगी होती." वस्तुस्थिति कबूल करावयाची व तिचें कारण सांगावयाचें. असें उत्तर देणाऱ्यावर पुराव्याचा भार पडतो, हेंहि शास्त्रकारांनीं सांगितलें आहे. म्हणूनच तें ऐकून घेण्यास अवसर पाहिजे.

व्यापारांतील खरीं उत्तरें बहुतेक या शेवटच्या जातीचीं असतात. "होय, आंकडा जुळत नाहीं, पण त्याचें कारण हें." यंत्रास मात्र जुळतें आणि जुळत नाहीं यांपलीकडे तिसरें कांहीं ठाऊक नसतें. कायदा पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्याचें काम यंत्राकडे गेलें म्हणजे प्रथम हा कारणोत्तराचा दरवाजा बंद होतो, असें आमचें मत होऊं लागलें आहे.

वाचकांनीं आम्हांस यंत्राचे शत्रु समजूं नये. जकातनाक्यावर तासन् तास उभे राहिलेले मालमोटारींचे तांडे आम्हीं पाहिले आहेत, आणि त्या नाक्यावर कोणाच्या हातांत काय पडत असे हेंहि गांवांतल्या शेंबड्या पोरास ठाऊक होतें. २०१७ मध्यें नवा कर आल्यावर हीं ठाणीं गेलीं, हें उत्तमच झालें. विवरणपत्र घरबसल्या भरतां येतें, पावती तत्काळ मिळते, कारकुनाच्या मर्जीचा प्रश्न येत नाहीं. यंत्र लांच घेत नाहीं हें कबूल. पण लांच न घेणारें यंत्र गाऱ्हाणेंहि घेत नाहीं.

आणि प्रारंभींची ढिलाईहि हळूहळू नाहींशी झाली. ऑक्टोबर २०१९ मध्यें असा नियम झाला कीं, पुरवठादारांनीं दाखविलेल्या रकमेहून २० टक्के अधिक वळता कर दुकानदारानें घेतला तरी चालेल. जानेवारी २०२० पासून ते १० टक्के झाले, २०२१ च्या जानेवारींत ५, आणि १ जानेवारी २०२२ पासून शून्य. आतां दुसऱ्याच्या चुकीस आपल्या वहींत जागा उरली नाहीं. ती चूक सरळ आपल्या खिशांतून भरावी लागते. मोठ्या कारखान्याकडे पुरवठादारांच्या मागें लागण्यास स्वतंत्र माणसें असतात. वह्याविक्यानें मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यास दटावावें तें कोणत्या बळावर?

जुन्या पेढीवरचा मुनीम खतावणीचें पान उघडून अमुक आंकडा कोठून आला हें बोट ठेवून सांगत असे. आज तें काम वार्षिक वर्गणी घेणारें सॉफ्टवेअर करतें, आणि मालकास विचारावें तर तो म्हणतो, "तें आपोआप येतें." जो आंकडा आपोआप आला त्याचा बचाव मनुष्यानें कसा करावा?

शेजारच्या कर्नाटकांत जुलै २०२५ मध्यें जें घडलें तें याच जातीचें. तेथील विक्रीकर खात्यानें मोबाईलवरून होणाऱ्या पैशांच्या देवघेवीची चार वर्षांची माहिती घेऊन ती यंत्रांतून गाळली, आणि ज्यांच्या खात्यांत ठराविक मर्यादेहून अधिक रक्कम जमा झालेली दिसली अशा हजारों लहान दुकानदारांस नोटिसा धाडल्या. मालाच्या विक्रीस ही मर्यादा वर्षास ४० लाखांची आहे. हावेरीच्या एका भाजीविक्यास सुमारें २९ लाखांची मागणी आली. चार वर्षांत त्याच्या खात्यांत दीड कोटीहून अधिक रुपये आले होते, हें खरें. पण ताज्या भाजीवर हा करच नाहीं! यंत्रानें रुपये मोजले. टोपलींत वांगीं होतीं कीं घड्याळें, हें त्यानें पाहिलें नाहीं. परिणाम काय झाला? बेंगळूरांतील दुकानांतून मोबाईलनें पैसे देण्याच्या पाट्या उतरल्या आणि "रोखच द्या" अशा पाट्या चढल्या. पुढें मुख्यमंत्र्यांनीं व्यापाऱ्यांशीं बोलणें करून जुन्या थकबाकीची वसुली होणार नाहीं असें जाहीर केलें. म्हणजे शेवटीं माणसांनीं माणसांसमोर बसावें लागलेंच. तें आधीं कां झालें नाहीं, एवढाच प्रश्न राहतो.

हा दोष गरीब किंवा नवशिक्या देशाचा म्हणावा, तर विलायतेंतील उदाहरण याहून भयंकर आहे. तेथें खेड्यापाड्यांतील पोस्टाची कचेरी बहुधा एखाद्या दुकानांतच असते व दुकानदारच कराराने ती चालवितो. १९९९ पासून या कचेऱ्यांत 'होरायझन' नांवाची संगणकी हिशेबपद्धति बसविली गेली. ती फुजित्सु कंपनीची. थोड्याच दिवसांत निरनिराळ्या गांवच्या दुकानदारांच्या हिशेबांत न केलेल्या तुटी दिसूं लागल्या. मदतीच्या दूरध्वनीवर विचारावें तर कित्येकांस उत्तर मिळे कीं, अशी अडचण फक्त तुम्हांलाच येते. करारानें तूट दुकानदारानें भरावयाची होती. लोकांनीं बचत मोडली, घरें गहाण ठेवलीं आणि जी तूट नव्हतीच ती भरली. ज्यांस भरतां आली नाहीं त्यांच्यावर चोरीचे व खोट्या हिशेबाचे खटले झाले, व त्यांतले बहुतेक पोस्ट ऑफिसनें स्वतःच चालविले. १९९९ ते २०१५ या काळांत नऊशेंहून अधिक लोक दोषी ठरले. त्यांत आपल्या देशांतून तिकडे गेलेल्या कुटुंबांतील स्त्रीपुरुषहि होते. या प्रकरणीं नेमलेल्या चौकशीच्या जुलै २०२५ च्या अहवालांत म्हटलें आहे कीं, निदान १३ जणांनीं या आपत्तीपायीं जीव दिला असावा.

न्यायाधीशांनीं हें कसें मान्य केलें? येथें कायद्याचा एक बारीकसा फरक आहे. विलायतेंत १९८४ च्या एका कायद्यानें असें बंधन होतें कीं, संगणकाचा कागद पुराव्यांत आणणारानें तो संगणक नीट चालत होता हें दाखवावें. १९९९ च्या कायद्यानें हें बंधन काढून टाकलें. त्यानंतर यंत्र नीट चालत होतें असेंच धरून चालण्यांत येऊं लागलें, आणि तें बिघडलें होतें असें म्हणणारानें कांहीं आधार दाखवावा असें झालें. पण खेड्यांतल्या दुकानदारास त्या यंत्राचें पोट उघडून कोण दाखविणार? त्याचें उत्तर शुद्ध कारणोत्तर होतें: "होय, तूट दिसते, पण ती तुमच्या यंत्रानें निर्माण केली." तें सिद्ध करण्याचीं सर्व साधनें प्रतिपक्षाच्या कुलपांत.

वेल्समधील लँडुड्नो येथें कचेरी चालविणारे ॲलन बेट्स यांचा करार २००३ मध्यें संपविला गेला. त्या गृहस्थानें सोळा वर्षें पिच्छा सोडला नाहीं. त्यांच्यासह ५५५ जणांनीं दावा केला. डिसेंबर २०१९ मध्यें न्यायालयानें निकाल दिला कीं, होरायझनमध्यें दोष होते, त्यांनीं खोट्या तुटी निर्माण होऊं शकत होत्या, आणि दुकानदारास नकळत त्याच्या हिशेबांत दुरून फेरफार करणें कंपनीच्या लोकांस शक्य होतें. दाव्यांत तडजोडीचे पावणेसहा कोटींहून अधिक पौंड मिळाले खरे. पण त्यांतला फार मोठा भाग खर्चांतच गेला. शेवटीं मे २०२४ मध्यें पार्लमेंटास स्वतंत्र कायदा करून त्या शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानें संगणकाच्या कागदाबरोबर प्रमाणपत्र मागितलें आहे, हें चांगलें आहे. पण आमच्या विद्यार्थ्याचें प्रकरण साक्षीपुराव्याच्या पायरीपर्यंत पोंचलेंच कोठें होतें?

प्राप्तिकराच्या बाबतींत तर २०२० पासून अधिकाऱ्याचें तोंडच दिसूं नये अशी योजना झाली. ओळखीपाळखीस व देण्याघेण्यास वाव राहूं नये हा हेतु स्तुत्य आहे. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें अशा एका आकारणीचा आदेश रद्द केला, त्याची हकीकत वाचून आम्ही थक्क झालों. आदेशांत ज्या निकालांचा आधार घेतला होता ते निकाल कोणत्याहि न्यायालयानें कधीं दिलेच नव्हते. शिवाय पुरवठादाराकडून उत्तर आलें नाहीं असें आदेशांत लिहिलें होतें. वास्तविक तें उत्तर खात्याकडे येऊन पडलें होतें. कृत्रिम बुद्धीच्या यंत्रानें सांगितलेलें पडताळून पाहिल्याशिवाय वापरूं नये, अशी समज न्यायमूर्तींनीं दिली. न्यूयॉर्कमध्यें २०२३ सालीं दोन वकिलांनीं हाच प्रताप केला होता. विमानांतील खाद्यपदार्थांची गाडी गुडघ्यास लागली म्हणून एका उतारूनें केलेला तो दावा. वकिलांनीं यंत्रानें रचलेले सहा निकाल न्यायालयापुढें ठेवले. एका वकिलानें म्हणे शंका येऊन, हा निकाल खरा आहे ना, असें त्याच यंत्रास विचारलें होतें, आणि यंत्रानें होकार दिला होता! न्यायालयानें त्यांस पांच हजार डॉलरांचा दंड केला. दंड वकिलांस झाला, यंत्रास नव्हे. आणि तें योग्यच झालें. पण आपल्याकडील त्या आकारणींत दंड कोणास झाला, हें विचारण्याचा मोह होतो.

हीं यंत्रें आकाशांतून पडत नाहींत. आपल्या या मासिकाच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें तीं घडविण्याच्या कामांत आहेत. आमचा पुतण्या हिंजवडीस अशाच एका कंपनींत आहे. गणपतींत तो घरीं आला असतां आम्हीं त्याच्यापुढें हें सर्व मांडलें. तो शांतपणें ऐकून घेऊन म्हणाला, "काका, आम्हांला जें जुळवायला सांगतात तें आम्ही जुळवतों. न जुळल्यास काय करायचें, हें कागदावर लिहून येतें: नोटीस पाठवा. 'आधीं विचारा' असें लिहून आलें, तर तेंहि करूं. पण तसें कोणी लिहीत नाहीं."

"तुम्ही कोणी त्यांना सुचवीत कां नाहीं?"

"एकदां सुचवलें होतें. वेळ वाढेल आणि खर्च वाढेल म्हणाले." मग थोडें थांबून म्हणाला, "आणि खरें सांगूं का, काका, आम्हांला तो दुकानदार कधीं दिसतच नाहीं."

मुलगा खोटें बोलणारा नव्हे. तो दुकानदार त्याला दिसावा म्हणून आम्हीं दुसऱ्या दिवशीं दोघांची गांठ घालून दिली. दुकानाच्या फळीवर बसून पुतण्यानें तीं तीन पानें दोनदां वाचलीं, पंधरा अक्षरांतला चुकलेला अंक स्वतः शोधून काढला, आणि चहा न घेतां बराच वेळ गप्प बसला.

विद्यार्थ्याच्या प्रकरणाचा शेवट सांगावयाचा राहिला. अपिलाची मुदत तीन महिन्यांची, फार तर आणखी एका महिन्याची. ती केव्हांच उलटली होती. उच्च न्यायालयाचा मार्ग मोकळा होता, पण वकिलाच्या खर्चाचा अंदाज ऐकल्यावर त्यानें हात जोडले. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यानें चूक कबूल करून प्रमाणपत्र आनंदानें लिहून दिलें. तें घेण्यास आतां कोणी उरलें नव्हतें. तितक्यांत सरकारनें १२८-अ हें नवें कलम घालून पहिल्या तीन वर्षांच्या मागण्यांसाठीं सवलत दिली: ३१ मार्च २०२५ पर्यंत मूळ कर पुरा भरावा, म्हणजे व्याज व दंड माफ. त्यानें पत्नीच्या बांगड्या बँकेंत ठेवून ६१ हजार भरले. एकदां पुरवठादाराच्या हातून सरकारांत गेलेला कर दुसऱ्यांदा गेला. खातें मोकळें झालें, आणि पोर्टलवर त्याच्या नांवापुढें आतां कांहीं देणें दिसत नाहीं.

परवां सकाळीं आम्ही फिरून येतांना त्याचें दुकान नुकतेंच उघडलें होतें. पूर्वीं तो फळ्या काढल्यावर प्रथम उदबत्ती लावीत असे. आतां तो आधीं मोबाईल उघडतो, पोर्टलवरच्या दोन्ही जागा पाहतो, आणि मग काडी ओढतो.